शाळेत 'ढ' कोणीच नसतं!

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये 'ढ' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तरी ऐकू येतो. एम-थ्रीला केटी लागली की आपण ढ, व्हायव्हात गप्प बसलो की ढ, मेसच्या मावशींना हिशोब नीट सांगता आला नाही तरी ढ. मीसुद्धा हा शब्द अगदी मोकळेपणाने वापरायचे. गेल्या हिवाळ्यात एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि तेव्हापासून तो तोंडातून निघेनासा झालाय. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधीच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत बोललं तर दंड, असा काळ मी काढलाय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर समजून घ्या. आणि मी एक्स्टीसीची आहे, शिक्षणशास्त्राची नाही. जे पाहिलं, विचारलं आणि नंतर वाचलं, तेवढंच लिहितेय.

रॅम्पची गोष्ट

आमचं शिबिर होतं कॉलेजपासून नऊ किलोमीटरवरच्या गावात. तिथली जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी. म्हणजे दोन शिक्षक आणि पाच वर्ग! एक बाई पहिली-दुसरी एकत्र घेतात, गुरुजी तिसरी-चौथी-पाचवी. शाळेत एक व्हीलचेअरवरचा मुलगा होता, दुसरीतला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची आजी रोज त्याला दोन पायऱ्या उचलून वर ठेवायची. आमच्या ग्रुपला काम मिळालं, रॅम्प बांधायचा.

सिव्हिलवाल्यांची आधीच माफी मागते, पण पुढचं सांगावंच लागेल. दोन पायऱ्यांची मिळून उंची ३० सेंटिमीटर. आमच्या हुशार मंडळींनी दीड मीटर लांबीचा उतार टाकला. दिसायला मस्त. वर पांढरा चुना, बाजूला फुलांच्या कुंड्या, फोटोही काढले. दोन दिवसांनी आजीने नातवाची खुर्ची वर चढवायला घेतली. अर्ध्यावर जाऊन ती थांबली आणि खुर्ची तिला घेऊन मागे यायला लागली. गुरुजींनी धावत जाऊन पकडली म्हणून बरं.

बाई आम्हाला काही ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, तुम्ही इंजिनिअर ना? उतार मोजायला मुलाला विचारायचं तरी."

नियम साधा आहे. एक भाग उंचीला बारा भाग लांबी. म्हणजे ३० सेंटिमीटरसाठी कमीत कमी ३.६ मीटर. आमचा होता एकास पाच. मग तो फोडला, व्हरांड्याच्या कडेने वळवून पुन्हा बांधला, पृष्ठभाग खरखरीत ठेवला, दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा लावला आणि वर खुर्ची वळेल एवढी सपाट जागा सोडली. तेव्हा लक्षात आलं की वर्गाला उंबरा आहे! तो काढला. मग लक्षात आलं की संडासाचं दार आत उघडतं, त्यामुळे खुर्ची आत गेली की दार लागतच नाही. तेही बदललं.

सात दिवसांत मी एवढं शिकले की रॅम्प ही सुरुवात आहे. मूल वर्गात पोचलं म्हणजे ते शिकायला लागलं असं नाही. पुढचं काम बाई आणि गुरुजी करत होते. ते दिसत नाही, त्याचे फोटोही निघत नाहीत.

विशेष गरज म्हणजे नक्की काय?

आपल्याला वाटतं, विशेष गरजा असणारी मुलं म्हणजे व्हीलचेअर, कुबड्या किंवा काळा चष्मा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, हे त्यात नव्याने आले. यातल्या बऱ्याच गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. 'तारे जमीन पर' २००७ साली आला तेव्हा कित्येक आईबापांना पहिल्यांदा कळलं की अक्षरं उलटसुलट करणारं पोर आळशी नसतं.

याच कायद्यानुसार मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, इमारत आणि आवार त्यांना वापरता येईल असं ठेवायचं आहे, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करायचा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. फार तीव्र अडचण असेल तर घरी शिकण्याचा पर्याय आहे. पण तो पर्याय मुलाचा, शाळेने अंग काढून घेण्यासाठी नाही.

कायदा झाला. आता शाळेत प्रत्यक्ष काय होतं ते पाहू.

पहिली पायरी : ओळखणं

बाईंची एक वही आहे. साधी दोनशे पानी. त्यात प्रत्येक मुलाची नोंद. 'फळ्यावरून उतरवताना ओळ सोडतो.' 'पुस्तक नाकाजवळ धरते.' 'मागून हाक मारली की वळत नाही.' 'तोंडी सगळं सांगतो, लिहायला दिलं की पोटात दुखतं.'

मी विचारलं, "बाई, यावरून कसं कळतं मुलाला काय झालंय ते?"

त्या म्हणाल्या, "कळत नाही. नाव द्यायचं काम डॉक्टरांचं. माझं काम दिसलं ते लिहायचं."

मला हे फार पटलं. शिक्षकाने शिक्का मारायचा नाही, लक्षण टिपायचं. त्यातही क्रम आहे. वाचता येत नाही म्हणून लगेच डिस्लेक्सिया म्हणायचं नाही. आधी डोळे तपासायचे, मग कान. कित्येकदा नुसता चष्मा लागलेला असतो! मग बघायचं की मूल शाळेत नियमित येतं का, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन चार-पाच महिने बुडालेत का, घरची भाषा वेगळी आहे का. हे सगळं बाजूला काढूनही अडचण उरली तर पुढची तपासणी. थोडक्यात आपण सर्किट न चालल्यावर करतो तेच. आधी पॉवर सप्लाय, मग कनेक्शन, आणि शेवटी आयसीवर संशय. आपण लॅबमध्ये उलटं करतो आणि बिचारा आयसी बदलतो, ती गोष्ट वेगळी.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक शाळेत येऊन मुलांना तपासतं. एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाचं मोबाइल अॅप काढलं. त्यात शिक्षक प्रश्नांची यादी भरतो आणि कोणत्या मुलाला पुढे तपासायला हवं ते समजतं. डिस्लेक्सियाची तपासणी तर मुलाच्या भाषेतच व्हायला हवी. कारण इंग्रजी चाचणीत मराठी मूल नापास झालं तर दोष इंग्रजीचा की आणखी कशाचा, हे कसं कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे घरी सांगणं. "माझं पोरगं वेडं नाहीये," असं म्हणून एक वडील बाईंवर धावून आले होते. बाईंनी त्यांना वही दाखवली नाही. मुलाने मातीचे केलेले बैल दाखवले, आधी काय चांगलं येतं ते सांगितलं, मग अडचण सांगितली. तरी तीन भेटी लागल्या.

दुसरी पायरी : एकेका मुलाचा आराखडा

तपासणीनंतर 'वैयक्तिक शैक्षणिक आराखडा' तयार होतो. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक एकत्र बसून तो लिहितात. विशेष शिक्षक म्हणजे या कामाचं वेगळं शिक्षण घेतलेले. या शाळेत एक मॅडम आठवड्यातून एकदा स्कूटीवर येतात. बाकीचे दिवस त्यांच्या दुसऱ्या शाळा.

मला वाटलं आराखडा म्हणजे 'मुलाची प्रगती करणे' टाइप भाषण असणार. मॅडमनी नाव झाकून एक पान दाखवलं. तिसरीतल्या मुलाचं. साधारण असं होतं :

आज काय येतं : घर, वड, नळ असे काना-मात्रा नसलेले शब्द वाचतो.
दिवाळीपर्यंत काय यावं : काका, मामा, पाट असे काना असलेले शब्द दहापैकी आठ बरोबर.
कोण घेणार : बाई, रोज परिपाठानंतर दहा मिनिटं.
कशाने : वाळूची ताटली, खरखरीत कागदाची अक्षरं.
घरी कोण : मोठी बहीण, पाच मिनिटं, तेही कौतुकाने.
कधी तपासायचं : महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी.

मित्रांनो, आपल्या मिनी प्रोजेक्टचं सिनॉप्सिससुद्धा इतकं स्वच्छ नसतं! आजची स्थिती, टार्गेट, पद्धत, जबाबदार माणूस आणि फीडबॅक. महिन्याने टार्गेट गाठलं नाही तर 'मूल कमी पडलं' असं लिहायचं नाही. पद्धत बदलायची.

तिसरी पायरी : वर्गात काय बदलतं

इथे मी सगळ्यात जास्त शिकले. म्हणून जरा सविस्तर.

वाचनाची अडचण. आपण इंग्रजीच्या बी-डी गोंधळाबद्दल ऐकतो. देवनागरीतही असे सापळे आहेत, हे मला माहीतच नव्हतं. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, प आणि ष. एका छोट्या रेघेचा किंवा गाठीचा फरक. आणि पहिली वेलांटी! 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, पण उच्चारात इ नंतर येते. डोळ्याला एक क्रम, कानाला दुसरा. वर जोडाक्षरं. आपल्याला सवय झालीये म्हणून सोपं वाटतं.

उपाय म्हणजे अक्षर एकाच वाटेने आत न पाठवता तीन वाटांनी पाठवायचं. डोळ्याने बघायचं, तोंडाने म्हणायचं आणि बोटाने वाळूत गिरवायचं, तिन्ही एकाच वेळी. ही कल्पना अमेरिकेत १९३० च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांनी पद्धतशीर मांडली. आमच्या बाईंना ही नावं माहीत नव्हती. पण ताटलीत वाळू होती, आणि भ आणि म एका आठवड्यात शिकवायचे नाहीत हे पक्कं माहीत होतं.

गणिताची अडचण. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. म्हणून मुलं ५२ लिहून ठेवतात. एकोणनव्वद म्हणजे किती, हे मला आजही मनात इंग्रजी करून शोधावं लागतं, तर त्या पोरांचं काय! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला. तेव्हाच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना सोपं जावं हेच कारण सांगितलं होतं. त्या वेळी आमच्या घरीही सगळे हसले होते, मीही. आता बाईंच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे पाहिले. दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. हातात वीस आणि पाच, तोंडाने आधी 'वीस पाच', मग 'पंचवीस'. एका मुलासाठी केलेली सोय अख्ख्या वर्गाला उपयोगी पडत होती.

ऐकण्याची अडचण. हा माझ्या ब्रँचचा विषय. मला वाटायचं, कानाचं मशीन लावलं की प्रश्न मिटला. चष्म्यासारखं. पण मशीन बाईंच्या आवाजाबरोबर पंखा, बाहेरचा ट्रॅक्टर आणि शेजारच्या वर्गातले पाढे हेही मोठं करतं. खरा प्रश्न सिग्नल-टू-नॉईज रेशोचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. म्हणून त्या मुलीला पुढे बसवायचं ही फुकटातली आणि सगळ्यात भारी सोय. बाकीच्या गोष्टीही फुकटच्या. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कारण चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. खुर्च्यांच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे बांधायचे, म्हणजे करकर होत नाही. पावसात पत्रा वाजायला लागला की तोंडी धडा बंद, चित्रांचं काम सुरू.

दिसण्याची अडचण. या शाळेत पूर्ण अंध मूल नव्हतं. पण विशेष शिक्षक मॅडमनी ब्रेलची पाटी दाखवली आणि आम्ही पोरींनी तासभर ती सोडली नाही. सहा ठिपके, प्रत्येक उठलेला किंवा नसलेला. म्हणजे दोनचा सहावा घात, चौसष्ट शक्यता. शुद्ध बायनरी! कॉम्प्युटर यायच्या शंभरएक वर्षं आधी. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये समान भारती ब्रेल ठरली, त्यामुळे मराठीतला क आणि तमिळमधला क एकाच ठिपक्यांचा. आणि गंमत म्हणजे पाटीवर टोच्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे आरशातल्यासारखं लिहायचं, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद उलटून वाचायचा असतो. सहा वर्षांचं मूल हे करतं. मला माझं नाव लिहायला वीस मिनिटं लागली आणि वाचायला तर जमलंच नाही. त्या शाळेत ढ कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

थोडं दिसणाऱ्या मुलांसाठी मोठा टाइप, जाड रेघांची वही, आणि फळ्यावर ऊन पडणार नाही अशी जागा.

स्वमग्न आणि फार चंचल मुलं. पहिलीतला एक मुलगा घंटा वाजली की कान झाकून किंचाळायचा. उपाय? घंटा वाजवायच्या आधी बाई त्याला बोटाने खूण करायच्या, आणि काही दिवसांनी घंटा वाजवायचं काम त्यालाच दिलं. त्याच्या बाकावर चित्रांचं वेळापत्रक आहे : प्रार्थना, वाचन, जेवण, खेळ, घर. एक काम झालं की तो ते चित्र उलटं करतो. पुढे काय होणार हे माहीत असलं की घाबरणं कमी होतं. चंचल मुलाला मोठं काम एकदम द्यायचं नाही. पाच गणितं दिली की मध्ये वह्या वाटायला उठवायचं. उठायचं तर आहेच, मग कामासाठी उठू दे!

सेरेब्रल पाल्सीवाला आमचा रॅम्पचा दोस्त. त्याच्या पेन्सिलीला ट्यूब गुंडाळून जाड केलीये, पकडायला सोपी. कागद हलू नये म्हणून पॅडला चिकटपट्टी. तो बोलतो ते पटकन कळत नाही, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला सगळं कळतं. ती त्याची 'जोडीदार'. जोडीदार दर पंधरवड्याला बदलतो, नाहीतर मदत करणाऱ्याला कंटाळा येतो आणि घेणाऱ्याला ओशाळं वाटतं. बाईंचा नियम एकच, तो स्वतः करू शकतो ते त्याच्यासाठी कोणी करायचं नाही. मी त्याची बॅग उचलायला गेले तर बाईंनी मलाच थांबवलं.

चौथी पायरी : परीक्षा

इथे हॉस्टेलमधल्या सगळ्यांचा एक प्रश्न असतो, मीही विचारला. "जास्त वेळ देणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय नाही का?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला चष्मा आहे. तो काढून पेपर लिहाल?"

संपलं. परीक्षेत आपल्याला तपासायचंय की मुलाला विषय कळला का. हात किती वेगाने चालतो हे तपासायचं नाहीये. म्हणून प्राथमिक शाळेत तोंडी उत्तर, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, स्पेलिंगचे मार्क न कापणं. पुढे बोर्डाच्या परीक्षांना लेखनिक आणि जादा वेळ. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ सांगितलाय. एक्स्टीसीच्या भाषेत सांगायचं तर हे इम्पिडन्स मॅचिंग आहे. सोर्स चांगला, लोडही चांगला, पण मधलं जुळलेलं नसेल तर पॉवर पोचतच नाही. आणि आपण म्हणतो लोड खराब!

कुठे अडतं?

सगळं छान चाललंय असं लिहून थांबले तर खोटं होईल. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण पाळायला सांगितलं. त्या स्कूटीवरच्या मॅडमकडे त्याहून कितीतरी जास्त मुलं आहेत आणि रस्ता खराब आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी प्रत्येकी वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतनही त्यातच येतं. कानाच्या मशीनचे सेल, प्रवासभत्ता, मोठ्या अक्षरांची पुस्तकं सगळं त्यात बसवायचं. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. एका हेलपाट्यात काम होत नाही आणि आईची तितक्या दिवसांची मजुरी बुडते. आणि जिथे शिक्षक दोन आणि वर्ग पाच, तिथे रोजची ती दहा मिनिटं काढायची कुठून? आमच्या बाई मधल्या सुट्टीत काढतात. स्वतःच्या डब्याच्या वेळातली.

आता माझी गोष्ट

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगायचं राहिलंच.

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये तिसरी-चौथीला माझी एक बेंचमेट होती. चित्रं अफाट काढायची. मोठ्याने वाचायची वेळ आली की मात्र तिचा घसा बसायचा. दर गुरुवारी रीडिंगचा तास. एकेकीने उठून एक पॅराग्राफ वाचायचा. ती उठायची, पहिल्या शब्दाला अडकायची आणि वर्ग हसायला लागायचा. मी तिच्या शेजारी बसलेली. मला पुढचा शब्द माहीत असायचा. तो हळूच सांगता आला असता. मी पण हसायचे, कारण सगळे हसत होते.

तिच्या वहीवर लाल पेनने 'केअरलेस' लिहिलेलं असायचं. चौथीच्या शेवटी शाळेने तिला काढलं नाही. कायद्याने काढता येतच नव्हतं. आईबाबांना बोलावून 'सुचवलं', की तिला दुसरी शाळा बरी पडेल. जूनमध्ये ती जागा रिकामी होती. इमारत मोठी, कॉम्प्युटर लॅब, स्विमिंग पूल, सगळं होतं. वाळूची ताटली नव्हती.

शिबिरानंतर सुट्टीत घरी गेले तेव्हा बाजारात तिची आई भेटली. मी ओळख दिली. म्हणाल्या, "आठवीत तपासणी झाली गं तिची. डिस्लेक्सिया निघाला. मग जादा वेळ मिळाला दहावीला, चांगली पास झाली. आता डिझाइनचा कोर्स करतेय." मी म्हटलं, काकू, किती छान! त्या हसल्या आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "पण अजून कोणासमोर मोठ्याने वाचत नाही. देवळात आरतीचं पुस्तक दिलं तरी माझ्याकडे देते."

तिला काय झालं होतं ते तिसरीत कळलं असतं तर? चौथीत शेजारच्या मुलीने हळूच शब्द सांगितला असता तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शाळेने द्यायचं. दुसऱ्याचं मला द्यावं लागेल.

आपण काय करू शकतो?

आपण काही विशेष शिक्षक नाही. पण शिबिराच्या शेवटी मी बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी यादीच दिली. मोठ्या अक्षरात वाचनपाठ टाइप करून प्रिंट काढून द्या. धडे स्पष्ट आवाजात रेकॉर्ड करून द्या. पेन्सिलीच्या पकडी, चित्रांची वेळापत्रकं, उतरता लिहिण्याचा पाट बनवून द्या. आणि पुढच्या वेळी काही बांधण्याआधी मुलाला विचारा! आमच्या फ्लोअरवरच्या सहाजणींनी रेकॉर्डिंग सुरू केलंय. मेकॅनिकलवाल्यांनी लिहिण्याचे चार पाट वर्कशॉपमध्ये करून दिलेत. कोणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर कॉमन रूममध्ये या. आवाज चांगला नसला तरी चालेल, घाई नसलेला हवा.

आणि आपल्या कॉलेजच्या स्टाफलाही एक विनंती. ही मुलं मोठी होऊन आपल्याकडेच येतात. आपल्या लायब्ररीच्या दारात पाच पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. एकास बाराने किती लांबीचा रॅम्प लागेल ते सिव्हिलवाले आता बरोबर सांगतील.

हा अंक छापून आला की एक प्रत मी माझ्या बेंचमेटला पाठवणार आहे. सोबत चिठ्ठी : सॉरी. घाई नाही, तुझ्या वेळाने वाच. आणि वाचावंसं नाही वाटलं तर फोन कर, मी वाचून दाखवते.